तेयोची अर्धी वीज

"चार वायरी जोडायच्या असतात! चार! तेवढ्यासाठी माणूस बोलवायचा?"

असं म्हणून तेयोने कॉफीचा शेवटचा घोट घेतला आणि कप टेबलावर असा आपटला, की नेरेइदाने आधी कपाकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. बत्तीस वर्षांच्या संसारात हा आपटलेला कप तिच्या ओळखीचा झाला होता. मागच्या वेळी असाच कप आपटून तेयोने बाथरूमचा नळ दुरुस्त केला होता. तेव्हापासून त्या घरात हात धुवायला गेलेला माणूस आंघोळ करूनच बाहेर यायचा.

तेयोने जन्मभर आपल्या बेटावरच्या उतुआदो गावच्या डोंगरात शाळेची बस चालवली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मागे बोंबलणारी पोरं! त्यातून जो माणूस सुखरूप निवृत्त होतो त्याला जगात काहीच अवघड नाही, असं त्याचं ठाम मत होतं. कोंबडी आजारी पडली की तो डॉक्टर, भिंत तडकली की गवंडी. आणि आता तो इलेक्ट्रिशियन होणार होता.

खरा इलेक्ट्रिशियन मिळत नव्हता असं नाही. पण वादळांचा मोसम तोंडावर आलेला, सगळ्या डोंगराला एकदमच सोलर हवं झालेलं. "ऑगस्टच्या आत जमायचं नाही, तेयो," असं त्याने हात जोडून सांगितलं होतं. छपरावर पॅनेल बसली होती, गाड्या लावायच्या पडवीत भिंतीवर इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या टांगून झाल्या होत्या. फक्त इन्व्हर्टरमधून निघणारी वीज घराच्या मेन बोर्डात आणायची राहिली होती. आणि ऑगस्टपर्यंत थांबायची सोय नव्हती, कारण हेरिबेर्तो आज संध्याकाळी येणार होता.

हेरिबेर्तो म्हणजे नेरेइदाचा भाऊ. राहणार ऑर्लँडो, विमानाने समुद्रापलीकडे. तो येत होता आईला घेऊन जायला.

त्याचं असं झालं. नेरेइदाच्या आईला, दोन्या प्रोवीला ('दोन्या' म्हणजे तिकडचं 'बाई'), दमा होता. रोज सकाळ-संध्याकाळ वाफेचं मशीन तोंडाला लावावं लागे. मशीनला वीज लागे, आणि डोंगरावर वीज मनात येईल तेव्हा येई आणि न सांगता जाई. गेल्या आठवड्यात ती नेमकी वाफ घेतानाच गेली. तेयोने सासूबाईंना गाडीत घातलं आणि खाली गावातल्या बेकरीत नेलं, कारण तिथे जनरेटर होता. ताज्या पावांच्या कपाटाशेजारी बसून दोन्या प्रोवींनी वाफ घेतली. तोंडाला नळी, मांडीवर गरम पाव! कुणीतरी फोटो काढला, कुणीतरी पाठवला, आणि अर्ध्या तासात ऑर्लँडोहून फोन.

"माझी आई पावाच्या दुकानात श्वास घेते?" हेरिबेर्तो गरजला. "बास झालं! शनिवारी येतोय. इथे वीज कधी जात नाही. आईला घेऊन जातो!"

दोन्या प्रोवींनी बॅग भरली. नेरेइदा स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडली. "आई, तुला जायचंय का?" असं तिने विचारलंही. पण म्हातारी पक्की. "मला काय," म्हणाली, "जिथे माझं मशीन चालेल तिथे मी." यातून काय समजायचं ते ज्याने त्याने समजावं.

तेयोने वरवर "चला, आता टीव्हीचा रिमोट मोकळा!" असं म्हणून घेतलं खरं, पण मनातून त्याला ते नकोच होतं. सासूबाई रोज त्याला शिव्या घालत, रोज संध्याकाळी त्याच्याशी डॉमिनो खेळत आणि त्याने सोंगटी लपवली की मनगट धरत. ही बाई गेली तर लपवलेली सोंगटी धरणार कोण? आणि नेरेइदा? ती तर आईशिवाय कॉफीत साखरसुद्धा घालत नसे. तेव्हा हेरिबेर्तो दारात यायच्या आत घरात न जाणारी वीज हवी होती. म्हणून कप आपटला.

"हे बघ," बोर्डाचं झाकण उघडून तेयोने बायकोला शिकवणी दिली, "आपल्या घरात दोन लायनी येतात. एका घरात दोन सुना असतात ना, तसं. स्वयंपाकघर, बाथरूम आणि आईची खोली एकीकडे. बैठक आणि आपली खोली दुसरीकडे. पाणी तापवायची टाकी वगैरे मोठं काम असलं की दोघींनी मिळून उचलायचं. आपला इन्व्हर्टरही तसाच, दोन सुनांचा. कळलं?"

"आणि सासू कुठे यात?" ओसरीवरून दोन्या प्रोवींचा आवाज आला.

"सासू म्हणजे न्यूट्रल. सगळं फिरून तिच्याकडेच परत जातं!"

"मग न्यूट्रल नीट जोड," म्हातारी म्हणाली. "आणि हातात मोजे घाल, जावईबापू! भांड्याचे आहेत बघ मोरीत. पायात रबरी चपला. मी ऑर्लँडोला गेल्यावर फोनवर शिव्या घालायला जिवंत माणूस हवा मला."

तेयोने नाक मुरडलं. पण सासूबाई काठी घेऊन उठायला लागल्या तेव्हा मुकाट्याने मोजे चढवले. गुलाबी होते. कोपरापर्यंत.

त्याने मेन स्विच खाली पाडला. "नेरेइदा! वीज गेली का?"

नेरेइदाने स्वयंपाकघराचं बटण दाबून पाहिलं. "गेली!"

बस्स! तेयोने कॉलर ताठ केली आणि कामाला लागला. काळी वायर, लाल वायर, पांढरी, हिरवी. नवा ब्रेकर बोर्डात बसवला. मेन स्विचच्या शेजारी खिट्टी लावली, म्हणजे दोघांपैकी एकच वर होईल. एक तर कंपनीची वीज, नाहीतर सूर्याची. सगळं व्हिडिओत दाखवलं होतं तस्सं! शेवटी त्याने मोठा श्वास घेतला आणि इन्व्हर्टरचा ब्रेकर वर केला.

"बैठकीतला दिवा बघ!"

"लागला!" नेरेइदा किंचाळली. "तेयो, लागला! टीव्हीपण लागला!"

तेयो गुलाबी मोजे वर करून पडवीत नाचला. त्या नाचाची बातमी कुंपणापलीकडे गेली आणि शेजारच्या मिग्दालियाबाई पेरूच्या फांद्यांमधून डोकावल्या.

"काय रे तेयो, जमलं?"

"जमणारच! सूर्य आता आपल्या घरचा माणूस."

"तेयो, स्वयंपाकघरात नाही लागला," आतून नेरेइदा म्हणाली.

"म्हणजे?"

"बाथरूममध्येही नाही. आईच्या खोलीतही नाही."

दोन्या प्रोवी काठी टेकत दारात आल्या. "वा! तुझ्या खुर्चीपुढचा टीव्ही लागला. तुझ्या डोक्यावरचा पंखा लागला. माझ्या मशीनपाशी अंधार! सूर्यालाही फितवलंस का रे? मला घालवायचंच आहे तर तोंडाने सांग, त्यासाठी ग्रह-तारे कशाला हलवतोस!"

"अहो, दोन्या प्रोवी, तसं नाही! एक सून कामाला लागलीय, दुसरी रुसलीय. आत्ता समजूत काढतो!"

"तेयो," कुंपणावरून मिग्दालियाबाई अदबीने म्हणाल्या, "तुला विजेचं एवढं कळतं तर मला एक सांग. मघापासून माझा ब्रेकर सारखा पडतोय. आजच असं का व्हावं?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान! तेयोने मोजेवाला हात कुंपणावर टेकला. "मिग्दालियाबाई, माणसाने आपल्या ऐपतीएवढीच वीज वापरावी. एका वेळी काय काय लावता तुम्ही?"

"फ्रीझर. आणि रेडिओ."

"रेडिओ बंद करा!"

बिचारीने गाणं अर्ध्यावर तोडून रेडिओ बंद केला.

तेयोने आपला ब्रेकर खाली केला आणि इन्व्हर्टरपाशी जाऊन काळी आणि लाल, म्हणजे दोन सुनांच्या, वायरींची अदलाबदल केली. हिशेब सोपा होता. आता स्वयंपाकघर लागेल आणि बैठक विझेल. ब्रेकर वर! स्वयंपाकघर? अंधार. बैठक? झगझगाट. जी सून मघाशी राबत होती तीच अजून राबत होती.

"रेडिओ बंद केला तरी पडला रे!" पलीकडून हाक आली.

"फ्रीझरचं दार सारखं उघडू नका!" तेयोने फर्मावलं. आता त्याला घाम फुटला होता. ब्रेकर खाली केला, इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी काढून टाकल्या आणि हातात धरून तो ओरडला, "आता बैठकीत अंधार झाला असेल, काळजी करू नका! मुद्दाम केलाय!"

"नाही बाई," आतून सासूबाई म्हणाल्या. "बेसबॉल छान दिसतंय. पिचर बदलतायत."

तेयोने हातातल्या वायरींकडे पाहिलं. वायरी कशालाच जोडलेल्या नव्हत्या. मेन स्विच खाली. ब्रेकर खाली. आणि घरात बेसबॉल चालू! तो हळूच बैठकीत गेला आणि सासूबाईंना खरं काय ते सांगितलं.

दोन्या प्रोवींनी छातीवर क्रूस काढला. "हा आमच्या गोयोचा आत्मा असणार," त्या म्हणाल्या. गोयो म्हणजे त्यांचे दिवंगत पती. हे घर त्यांनीच बांधलेलं. मग त्यांनी जरा विचार केला. "छे! तो नव्हे. जिवंतपणी ज्याने कधी बल्ब बदलला नाही, तो मेल्यावर कशाला येतोय!"

"आता काय करू?" तेयो रडकुंडीला आला.

"चालतंय ना?" नेरेइदा घड्याळाकडे बघत म्हणाली. "मग हात नको लावूस! हेरी येईल एवढ्यात. वायरी होत्या तशा जोड, ब्रेकर वर कर, झाकण लाव. आईचं मशीन बैठकीत आणू. त्याला बैठकीतून हलूच द्यायचं नाही!"

दुपारी पावसाची एक दणदणीत सर येऊन गेली आणि संध्याकाळी, डोंगर वाफाळत असताना, हेरिबेर्तोची भाड्याची गाडी चढावर कण्हत आली. हेरिबेर्तो उतरला तो नाकावर काळा चष्मा आणि ओठांवर ऑर्लँडो घेऊन. आईला मिठी मारली, बहिणीला मिठी मारली, तेयोच्या पाठीवर थाप मारली, आणि दिव्याकडे बघून थबकला.

"हे काय! वीज आहे?"

"सूर्याची!" तेयो म्हणाला. "आता जायची भानगडच नाही. बस, बस! ही खुर्ची. इथेच."

"आधी हात धुतो."

"नको!" तेयो आणि नेरेइदा एकदम ओरडले. पण तो बाथरूमच्या दारात पोचलाही होता.

"इथे दिवा लागत नाही!"

"तिकडे आम्ही..." तेयोने छताकडे पाहिलं, "डोळ्यांना आराम देतो."

"आणि स्वयंपाकघरात मेणबत्ती कसली?"

नेरेइदा गॅसवर तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात परतत होती. तिचा हात तसाच राहिला. "बाबांची. आज... त्यांचा दिवस ना!"

"बाबा जानेवारीत गेले!"

मग दोन्या प्रोवी टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या, "आठवणीला काय तारीख लागते? ऑर्लँडोत लागत असेल."

हेरिबेर्तो खुर्चीत येऊन बसला. नेरेइदाने आईकडे चमकून पाहिलं. जिला जायची घाई असते ती असं खोटं बोलते? पण विचार करायला वेळ कुठे होता! म्हातारीने मशीनची नळी तोंडाला लावली. मशीन घुरघुरलं, टीव्ही चालू, पंखा चालू. आणि तेयोने पाहुण्यावर छाप पाडायला बैठकीतच कॉफीचं यंत्र लावलं.

खट्! सगळं विझलं. मशीनही थांबलं. त्याच क्षणी कुंपणापलीकडून आवाज आला, "अगं आई गं! पुन्हा पडला!"

"हे काय झालं?" अंधारात हेरिबेर्तो.

"ढग आला असेल सूर्यापुढे," तेयो म्हणाला.

"तेयो, बाहेर रात्र पडतेय!"

तेवढ्यात दिवे परत आले. "बघ! गेला ढग," तेयोने कपाळ पुसलं. पण हेरिबेर्तोचा चेहरा आता मिटिंगमधल्या साहेबासारखा झाला होता. "आई, तुझी बॅग कुठेय?" त्याने विचारलं.

"दाराशी," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा नळी लावली. कॉफीचं यंत्र पुन्हा गुरगुरलं. पुन्हा खट्! पुन्हा पलीकडून, "अगं आई गं!"

यावेळी नेरेइदाने अंधारातच तेयोचा दंड पकडला आणि त्याला फरफटत पडवीत नेलं. "त्या ओरडल्या की आपण विझतो," ती कुजबुजली. "की आपण विझलो की त्या ओरडतात?"

"योगायोग गं!"

"त्यांनी ब्रेकर वर केला की आपले दिवे येतात! बघ!"

दिवे आले. मग नेरेइदा गुडघ्यांवर बसली आणि वॉशिंग मशीनच्या मागे हात घालून चाचपू लागली. तिथल्या प्लगमध्ये एक जाड नारिंगी वायर खोचलेली होती. ती भिंतीवरून चढून, पेरूच्या फांद्यांमधून, सरळ मिग्दालियाबाईंच्या घरात गेली होती. वर्षानुवर्षांच्या वेलींनी ती अशी गुंडाळून टाकली होती, की ती वेलच वाटावी.

आणि तेयोला आठवलं! मोठ्या वादळानंतर सगळा डोंगर महिनोन् महिने अंधारात होता. मिग्दालियाबाईंनी जनरेटर घेतला तेव्हा त्यांनीच हाक मारली, "दमेकरी माणूस आहे घरात, अर्धी वीज तुम्हाला." आणि तेयोने, कप आपटून, एक वायर तयार केली होती. दोन्ही टोकांना पिनांचे प्लग! एक त्यांच्या भिंतीत, एक आपल्या. एक लाइन, अर्धं घर. मग ज्या संध्याकाळी कंपनीची वीज आली त्या संध्याकाळी "आली! वीज आली!" करत सगळी वस्ती भांडी बडवत रस्त्यावर उतरली. कोण नाचलं, कोण रडलं, कुणी कुणालाही मिठ्या मारल्या. त्या आनंदात ती वायर काढायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. जनरेटर पुढे विकला गेला. वायर राहिली.

"म्हणजे दिवसभर..." तेयो पुटपुटला.

"दिवसभर आपण त्यांच्या विजेवर बेसबॉल बघतोय. आयत्या बिळावर नागोबा! आणि वर त्यांना रेडिओ बंद करायला लावलास!"

तेयो मटकन खाली बसला. रेडिओमुळे नव्हे. सकाळी "वीज गेली" म्हणून त्याने ज्या बोर्डात हात घातला होता, त्या बोर्डाची अर्धी बाजू तेव्हा जिवंत होती! त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मग कपडे वाळत घालायच्या दोरीवर लटकणाऱ्या गुलाबी मोज्यांकडे पाहिलं. "नेरे," तो म्हणाला, "तुझ्या आईने आज मला वाचवलं गं." नेरेइदाने त्याचं डोकं पोटाशी धरलं. मग तिने त्याला एक चापटही मारली, कारण तेवढं राहिलं होतं.

"आता ती वायर काढ," ती म्हणाली.

"हेरी जाईपर्यंत राहू दे की! उद्या..."

"तेयो! माझी आई शेजारणीच्या ब्रेकरवर श्वास घेतेय!"

तेयो प्लगकडे हात नेणार, तोच नेरेइदाने तो झटकला. "इकडून नको! दोन्ही टोकांना पिना आहेत. तिकडून वीज येतेय, पिनेला हात लागला तर?" ती कुंपणाकडे धावली. "मिग्दालियाबाई! तुमच्या भिंतीत एक नारिंगी वायर आहे, बघा बरं, फ्रीझरच्या मागे!"

"ही होय! मला वाटायचं, नाताळच्या दिव्यांची आहे. काढू?"

"थांबा जरा, आधी विचार करू..." तेयो म्हणाला.

पण दिवसभर तेयोचं सगळं ऐकायची सवय झालेल्या मिग्दालियाबाईंनी एवढं एकच ऐकलं नाही. त्यांनी वायर उपटली.

घर काळंकुट्ट झालं. पंखा, टीव्ही, मशीन सगळं थांबलं. पलीकडे मात्र लगेच रेडिओ लागला आणि "अय्या, आता पडत नाही!" असा हर्षाचा चीत्कार आला.

"झालं!" हेरिबेर्तो अंधारात उभा राहिला. "आई, बॅग घे. चल."

"हेरी, थांब," तेयो दारात आला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने सगळं सांगून टाकलं. वायर, अर्धं घर, ढग, बाबांचा दिवस, सगळं. "चूक माझी," तो म्हणाला. "मला वाटलं, जमेल. पण आईला नेऊ नको रे. मला ऑगस्टपर्यंत वेळ दे. खरा माणूस बोलावतो. तोवर रोज बेकरीत नेईन, खांद्यावर बसवून नेईन!"

"खांद्यावर नको," दोन्या प्रोवी म्हणाल्या. "पाडशील."

"बघू तरी, काय करून ठेवलंयस ते," हेरिबेर्तो फणकारला. त्याने मोबाइलचा दिवा लावला आणि पडवीत गेला. मागून सगळी वरात. त्याने बोर्ड पाहिला, वायरी पाहिल्या आणि इन्व्हर्टरवर उजेड टाकला. मग तो हसायला लागला. असा हसला की त्याला भिंतीला धरावं लागलं.

"तेयो! अरे, हा चालूच नाही!"

"काय चालू नाही?"

"इन्व्हर्टर! हे बघ, बाजूला बटण आहे. 'बंद' वर आहे! दिवसभर तू बंद मशीनच्या वायरी उलट्यासुलट्या करत होतास? आणि म्हणे सूर्य घरचा माणूस! माणूस बस चालवायला बसला तर आधी चावी फिरवतो की नाही?" आणि आपण या डोंगरी माणसापेक्षा किती शहाणे आहोत हे दाखवायला हेरिबेर्तोने, मोठ्या ऐटीत, बोटाने ते बटण दाबलं.

इन्व्हर्टर गुणगुणला. आत काहीतरी टक् झालं. आणि घर उजळलं! बैठक लागली, स्वयंपाकघर लागलं, बाथरूम लागलं, दोन्या प्रोवींची खोली लागली! रुसलेली सून आली ती दुप्पट उत्साहाने आली. वायरी अगदी बरोबर जोडलेल्या होत्या. फक्त चावी फिरवायची राहिली होती. तेयो "जमलं! मला जमलं!" असं ओरडत होता, नेरेइदा त्याच्या गळ्यात पडून हसत-रडत होती, आणि हेरिबेर्तो आपल्या बोटाकडे बघत होता. आईला घेऊन जायचं एकच कारण होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने मिटवलं होतं.

"आत्ता चाललंय," तो चाचरत म्हणाला. "पण कंपनीची वीज गेली की बघू..."

डोंगराने जणू ऐकलंच. खालच्या रस्त्याचे दिवे गेले. मग दुकानाचे, मग चर्चचे, मग मिग्दालियाबाईंचे. "अगं आई गं!" रेडिओ पुन्हा अर्ध्यावर तुटला. अख्खी वस्ती एका क्षणात गडप झाली आणि त्या काळोखात एकच घर दिव्याच्या माळेसारखं चमकत राहिलं. तेयोचं!

दोन्या प्रोवींनी आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर बसून, आपली वाफ पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतली. मशीन एकदाही थांबलं नाही. तेयो दाराबाहेर उभा राहून ती घरघर ऐकत होता. बेसबॉलची कॉमेंट्री त्याने कधी एवढी कान देऊन ऐकली नव्हती. त्याच्या छातीवरचा दगड उतरला. नेरेइदा शेजारी येऊन उभी राहिली, तिचाही उतरला असावा, कारण तिने पहिल्यांदाच न विचारता त्याच्यासाठी कॉफी आणली होती.

आपल्या अंधाऱ्या घरातून चाचपडत आलेल्या मिग्दालियाबाई भाताचं ताट घेऊन बसल्या. "तेयो," त्या म्हणाल्या, "आता तुझी वीज माझ्याकडे येईल का रे, नारिंगी वायरीने?"

"नाही!" नेरेइदा आणि हेरिबेर्तो एकदम ओरडले. तेयो वायर आणायला खरोखर उठला होता.

आणि तेव्हाच पहिला किडा आला. मग दुसरा. मग, दुपारच्या पावसाने जमिनीतून उठलेली, पंख फुटलेली सगळी वाळवी! एरवी ती डोंगरभरच्या दिव्यांवर वाटली जाते. आज डोंगरभर दिवा एकच. खिडक्यांतून, दारांतून, फटींतून हजारोंनी किडे आत घुसले. भातात पडले, कॉफीत पडले, हेरिबेर्तोच्या शर्टात शिरले. तो नाचायला लागला, मिग्दालियाबाई ताटावर ओणव्या झाल्या, नेरेइदा झाडू घेऊन धावली.

"दिवे बंद करा!" आतून दोन्या प्रोवी गरजल्या. "सगळे! एकही ठेवू नका!"

"पण दोन्या प्रोवी, आत्ता तर लागलेत!" तेयो कळवळला.

"बंद म्हणजे बंद, जावईबापू!"

तेयोने एकेक करून दिवे मालवले. आधी बैठक, मग स्वयंपाकघर, मग बाथरूम. सासूबाईंच्या खोलीचा दिवा शेवटी, जड हाताने. छपरावर पॅनेल, भिंतीवर भरलेल्या बॅटऱ्या, चारी वायरी बरोबर जोडलेल्या. आणि डोंगरावरच्या त्या एकुलत्या एक वीज असलेल्या घरात पाच माणसं गुडुप अंधारात बसून कॉफीतले किडे चाचपत होती.

मग दाराशी काठीचा आवाज झाला, काहीतरी ओढल्याचा आवाज झाला, आणि दोन्या प्रोवी वैतागून म्हणाल्या,

"तेयो, एक टॉर्च आण रे. बॅगेतलं परत कपाटात लावायचंय, काही दिसत नाही मेलं!"